पाण्याखाली गवत लावणारी माणसं

आमच्या हिंगोलीकडच्या साखऱ्याच्या शिवारात जुलै महिन्यात कुणालाही विचारा, सध्या काय चाललंय? उत्तर एकच मिळेल: तण. सोयाबीन वीतभर होतं न होतं तोच तण त्याच्या खांद्याला खांदा लावतं. मग खुरपणाऱ्या बाया शोधा, त्या मिळाल्या नाहीत तर पाठीवर पंप अडकवून तणनाशक मारा. हळदीत तर तण काढता काढता दिवाळी येते. पिकात गवत दिसणं म्हणजे घरच्या माणसाचा आळस, असा गावाचा सरळ हिशेब आहे.

याच दिवसांत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात, काही माणसं अगदी उलटं काम करत असतात. साडीचा काचा मारून बाया तलावात उतरतात. हातात जुडगे असतात ते गवताचे. एका तलावातून उपटून आणलेलं गवत त्या दुसऱ्या तलावाच्या चिखलात, पाण्याखाली, धानाची रोवणी करावी तसं खोचत जातात. वर पाणी असल्यानं काय लावलं ते काठावरच्या माणसाला दिसतही नाही. पीक कोणतं? तर मासळी. आणि ती यायला अजून वर्ष-दोन वर्षं आहेत.

पाणथळ जागा वाचवणाऱ्या संस्थांबद्दल आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर गळ्यात दुर्बीण अडकवलेला, टोपी घातलेला शहरी माणूस येतो. त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. दुर्बिणीशिवाय बदकं मोजता येत नाहीत. पण पूर्व विदर्भातलं हे काम ज्यांच्या पुढाकारानं चालतं त्यांच्यातले बरेच लोक जन्मानं मासेमार आहेत. ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’, म्हणजे ‘फीड’, असं त्या संस्थेचं भारदस्त नाव. भंडाऱ्याचे मनीष राजनकर हा तिचा परिचित चेहरा. तलाव आणि त्यावर जगणारा ढिवर समाज हाच त्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यासविषय. सोबत पतीराम तुमसरे यांच्यासारखे ढिवर जाणकार, ज्यांची पाण्यातल्या वनस्पतींची ओळख पुस्तकातून आलेली नाही. आणि निमगावच्या शालू कोल्हे, ज्यांनी ढिवर बायांना एकत्र आणून तलावात आणि ग्रामसभेत, दोन्हीकडे उतरवलं. या माणसांना पाण्यात काय दिसलं, जे सिंचन विभागाला, मत्स्य विभागाला आणि तुम्हा-आम्हाला दिसलं नव्हतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी तलावांची गोष्ट. आपल्याकडे मराठवाड्यात तळं म्हटलं की बहुतेक वेळा पाझर तलाव किंवा सरकारी धरण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मात्र सहा-सात हजार जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या राजवटीत, तीन शतकांपूर्वीच्या आसपास, त्यांतले पुष्कळसे बांधले गेले. चांद्याच्या गोंड राजांनी जाहीर केलं, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल. त्या जमिनीला ‘तुकुम’ म्हणत आणि आजही त्या भागात तुकुम नावाच्या वस्त्या सापडतात. बांधण्याच्या कामात वाकबगार होता कोहळी समाज. जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं हेरायचा, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचा आणि पूर आला तर जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून सलंग काढायची, ही त्यांची विद्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्याच घराण्यातले माधवराव पाटील डोंगरवार आणि तिथं वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली या जोडीनं विसाव्या शतकात नवेगावचं रान आणि पाणी मराठी वाचकांच्या घरात पोचवलं.

पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले, आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारच्या. तेव्हापासून कागदोपत्री त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधाऱ्याकडे. मासे धरण्याचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे. पाळीवरची झाडं आणखी कुणाकडे. एका तलावाचे असे तीन-चार मालक झाले आणि व्हायचं तेच झालं. पाळ फुटली तर कुणी दुरुस्त करायची यावर पत्रव्यवहार होत राहिला.

पण तलाव नुसत्या पाळीनं बिघडला नाही. त्याची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिची सुरुवात एका खरोखरच्या वैज्ञानिक पराक्रमानं होते.

रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे मूळचे नद्यांचे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी काठ सोडून पसरतं, तेव्हाच ते अंडी घालतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते खातात, वाढतात, लठ्ठ होतात, पण वंश वाढवत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. पुराचं काम इंजेक्शननं केलं. देशात मत्स्यबीज मुबलक झालं, स्वस्त झालं आणि आज आपण बाजारात जो मासा सहज विकत घेतो त्याच्यामागे ही शोधाची सकाळ आहे. १० जुलै हा दिवस देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याचसाठी.

हे बीज मामा तलावांतही आलं. योजना साधी होती: संस्थेनं दरवर्षी बीज विकत घ्यावं, तलावात सोडावं, आठ-दहा महिन्यांनी मोठे मासे काढावेत. जोडीला परदेशी पाहुणेही आले. १९५९ मध्ये भारतात आणलेला गवत्या कार्प हा नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करणारा. कॉमन कार्प तळाचा चिखल तोंडानं उकरतो आणि मुळं सैल करतो. सुरुवातीला वजनाचे आकडे वाढले. मग हळूहळू तलावातलं गवत विरळ झालं. गवत गेलं तसे स्थानिक मासे गेले. शेवटी बाहेरून आणलेले मासेही नीट वाढेनात, कारण मृगजळासारखं नितळ दिसणारं ते पाणी आता उपाशी होतं.

इथं थोडं थांबून पाण्याखालच्या गवताचं नवल पाहिलंच पाहिजे.

हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, तो आपण बिनदिक्कत ओढतो. पाण्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात, एका लिटरमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि तोही वाऱ्यानं लाटा उठल्या तर, नाहीतर पृष्ठभागापुरता. खोलवर तो पोचवणार कोण? पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती. हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया ही त्यांची शास्त्रीय नावं. ढिवरांची त्यांना स्वतःची नावं आहेत आणि कोणती कोणत्या खोलीला, कोणत्या मातीत येते याचा हिशेबही. भर दुपारी उथळ पाण्यात नीट पाहिलं तर पानांवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसते. तो तलावाचा श्वास. शिवाय पानापानावर शेवाळाचा पातळ थर, त्यावर गोगलगाई, किड्यांच्या अळ्या, डोळ्यांना न दिसणारे कवचधारी जीव. माशाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात जे खाऊन जगायचं असतं ते सगळं या गवतात मिळतं. लपायलाही तेच.

मरळ मासा पाहा. तो गवताच्या दाटीत एक छोटी गोल मोकळी जागा करतो. तिथं तरंगती अंडी सोडली जातात. मग आई-बाप त्या जागेवर पहारा देतात; पिल्लं लालसर रंगाची, दाट थव्यानं फिरणारी, आणि खालून मोठा मासा त्यांच्या मागे मागे. या थव्याच्या जवळ हात नेला तर मरळ धडक मारतो. गवत नसेल तर ती गोल जागा करायची कशात? शिंगी आणि मांगूर या माशांनाही दाट वनस्पतींचं उथळ पाणी लागतं. हे मासे बाजारात रोहूपेक्षा महाग विकले जातात, त्यांचं बीज विकत घ्यावं लागत नाही आणि पाणी कमी झालं तरी ते वरची हवा घेऊन तग धरतात. म्हणजे ढिवर कुटुंबासाठी हिशेब असा: गवत असेल तर मासा स्वतःहून पैदा होतो, नसेल तर दरवर्षी उधारीवर बीज आणा.

व्हॅलिस्नेरियाचं तर काय सांगावं! फितीसारखी लांब पानं, शहरात लोक ती शोभेच्या काचपेटीत लावतात. या वनस्पतीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, दोन्ही पाण्याखाली. नर झाडाच्या बुडाशी, चिखलाजवळ, एका वेष्टनात शेकडो फुलं तयार होतात, एकेक मोहरीच्या दाण्याहून लहान. वेळ आली की ती देठापासून सुटतात आणि बुडबुड्यासारखी वर येतात. पृष्ठभागावर आल्यावर उमलतात आणि वाऱ्यानं होडीसारखी फिरू लागतात. तिकडे मादी फूल लांबलचक धाग्यासारख्या देठावरून वर आलेलं असतं. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याच्याभोवती एक किंचित खळगा पडतो. फिरत फिरत आलेल्या होड्या त्या खळग्यात घसरतात आणि परागीभवन होतं. नंतर मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेतो आणि फळाला खाली, चिखलाकडे ओढून नेतो. हे सगळं घडतं ते पाणी शांत असलेल्या उथळ भागात. पाणी फार खोल असेल तर खाली उजेड पोचत नाही आणि झाड उभंच राहत नाही.

म्हणून तलावाचा सगळ्यांत मोलाचा भाग मध्यावरचा खोल डोह नव्हे, तर काठाकडचा चढत जाणारा उतार. कोहळ्यांच्या तलावांना असा लांबच लांब सपाट उतार असतो. तिथं देवधान उगवतं, शिंगाडा होतो, कमळ होतं. जरा आत गेलं की तरंगती पानं, आणखी आत बुडालेलं गवत. खोली बदलली की वनस्पती बदलते, वनस्पती बदलली की मासा आणि पक्षी बदलतो.

आता या उतारावर काय काय कोसळलं ते बघा. शोभेचं म्हणून दक्षिण अमेरिकेतून आलेलं बेशरम काठाकाठानं पसरलं; त्याच्या दाट झुडपाखाली दुसरं काही वाढत नाही. धानाच्या बांध्यांतून खत आणि औषध वाहून आलं. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या तळावर नांगर फिरवून अतिक्रमणं झाली. आणि मग गाळ काढण्याचा उत्साह आला. गाळ काढणं वाईट, असं मी म्हणणार नाही. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतला गाळ आपल्या भागातल्या मुरमाड रानांना किती उपयोगी पडतो ते शेतकऱ्यानं सांगावं. पण पोकलेनला तलावाच्या उताराची कदर नसते. तो खड्डे खणतो, सरळ उभ्या भिंतीचे. हायड्रिलाचे बारीक कंद चिखलाच्या वरच्या थरात काही वर्षं टिकून राहतात, पाणी आलं की फुटतात. तो वरचा थरच ट्रॉलीत भरून शेतात गेला की तलावाचं बियाणं गेलं. पाणीसाठा वाढला असं कागदावर येतं, ते खरंही असतं, पण त्या पाण्यात जीव धरणारं काही उरत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेत, फ्लोरिडात, हाच हायड्रिला भयंकर तण मानला जातो. काचपेट्यांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात तिथं गेला आणि नद्या-तळी बुजवत सुटला. त्याला मारायला तिथलं सरकार पैसा ओततं. एकाच गवताला मारणारी आणि लावणारी माणसं एकाच वेळी पृथ्वीवर आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे. गवत आपल्या घरी आहे की परक्या घरी, एवढाच फरक.

राजनकर, तुमसरे, कोल्हे आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांनी हे ओळखून कामाला जो क्रम दिला तो असा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाचं बेशरम मुळासकट उपटायचं. नुसतं कापलं तर ते पुन्हा फुटतं. तळ गुराढोरांनी तुडवून, उन्हानं भाजून कठीण झाला असेल तर तो नांगरून भुसभुशीत करायचा. पहिल्या पावसानं ओल आली, पाणी चढू लागलं, की ज्या तलावात अजून चांगलं गवत उरलंय तिथून रोपं आणून लावायची. खोलीनुसार जात निवडायची, आणि इथं ढिवर जाणकारांशिवाय पान हलत नाही. कोणतं गवत मुळं धरेपर्यंत लाटेनं उखडतं, कोणतं नुसतं सोडून दिलं तरी जमतं, हे त्यांना माहीत. मग संस्थेच्या सभेत ठराव: या तलावात गवत्या कार्प सोडायचा नाही, अंडी घालण्याच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही. यातला सगळ्यांत कठीण भाग हा शेवटचाच. गवत चिखलात लावायला एक दिवस पुरतो. पोटासाठी रोज जाळं टाकणाऱ्या माणसाला दोन महिने थांब म्हणणं आणि त्यानं ते ऐकणं, याला वर्षं लागतात.

शालू कोल्हे यांच्या कामाचं वजन इथं कळतं. ढिवर घरात मासे धरण्याचं मोठं काम पुरुषांचं मानलं जातं, पण मासे निवडणं, विकणं, घर चालवणं बाईकडे. तलाव रिकामा झाला की मजुरीला बाहेर पडावं लागतं ते तिलाच. त्यामुळे तलावात गवत लावायला पहिल्यांदा खळखळ न करता कोण उतरलं असेल, तर बाया. एरवी मच्छीमार संस्थेच्या खुर्च्यांवर त्या दिसत नसत. कामातून त्या बोलू लागल्या, ग्रामसभेत प्रश्न विचारू लागल्या, तलावाचा ठेका, पाण्याची पातळी, रोजगार हमीचं काम या विषयांवर. वन हक्क कायदा २००६ चा आहे. त्यात गावसमाजाच्या हक्कांत पाणवठ्यांतली मासळीही येते. हे कलम वाचून त्याचा अर्ज करायला लावणं, हेही पाणथळ संवर्धनाचंच काम आहे, फक्त त्याचे फोटो छान येत नाहीत.

अशा संस्थेचा म्होरक्या नक्की कोण असतो, याचा विचार करताना मला इंग्लंडचे पीटर स्कॉट आठवतात. दक्षिण ध्रुवावरून परत न आलेल्या कॅप्टन स्कॉटचे हे चिरंजीव, चित्रकार आणि पक्ष्यांचे वेडे. १९४६ मध्ये त्यांनी सेव्हर्न नदीच्या काठी स्लिमब्रिज इथं पाणपक्ष्यांसाठी एक न्यास सुरू केला. पाणथळ जागांसाठी काम करणाऱ्या जगातल्या आद्य संस्थांपैकी तो एक. त्यांच्या घराच्या खिडकीसमोरच्या तळ्यावर सायबेरियातून हंस उतरत. १९६४ च्या हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक हंसाच्या चोचीवरची काळ्या-पिवळ्या रंगांची नक्षी वेगळी आहे. ते एकेका हंसाचा चेहरा रंगवू लागले, नावं देऊ लागले. पुढच्या वर्षी कोण परतलं, कोण जोडीदार बदलून आलं, कोण आलंच नाही, हे कळू लागलं. इतरांना नुसता थवा दिसत होता, त्यांना त्यात माणसं ओळखावी तसे पक्षी दिसले. ढिवर जाणकार पाण्यात हात घालून नुसत्या स्पर्शानं गवत ओळखतो, त्याची जातकुळी हीच. असं पाहण्याची सवय ज्याला आहे तो संस्था काढो न काढो, त्याच्याभोवती माणसं जमतात.

या नजरेचा अभाव असला तर चांगल्या हेतूनं काय होतं, ते भरतपूरनं दाखवलं. केवलादेवच्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यात गावकऱ्यांची गुरं चरत. पक्ष्यांना त्रास होतो म्हणून १९८२ मध्ये चराई बंद झाली. सलीम अलींसारखा माणूसही या बंदीच्या बाजूनं होता. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथं दशकभर अभ्यास केला. निघालं काय? म्हशी चरत होत्या म्हणून पास्पॅलम नावाचं गवत आटोक्यात होतं. म्हशी गेल्या, गवतानं पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकला, मासे घटले आणि पोहणाऱ्या बदकांना उघडं पाणी मिळेना. पक्ष्यांसाठी काढलेला हुकूम पक्ष्यांच्याच मुळावर आला. ज्या सोसायटीचे सलीम अली सर्वेसर्वा, तिनंच आकडेवारीनिशी हे मांडलं, याचं मला फार कौतुक वाटतं. संस्थेची प्रतिष्ठा अशानं वाढते.

गोंदियातच दुसरी एक संस्था आहे, ‘सेवा’. सावन बहेकार आणि त्यांचे सहकारी सारस पक्ष्यासाठी काम करतात. सारस उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यत्वे याच जिल्ह्यात, तोही मोजक्या संख्येनं. तो घरटं बांधतो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला, आणि काठाच्या चिखलातले कंद उकरून खातो. म्हणजे ढिवर बायांनी राखलेला उतार त्याच्याही पोटाचा. धानाच्या बांधीत घरटं म्हणजे शेतकऱ्याचं चार हात पीक मोडणार. ते मोडू द्यायला शेतकरी तयार होतो, घरट्यावर लक्ष ठेवतो, हे कुठल्याही कायद्यानं झालेलं नाही. दारोदार फिरून झालं आहे.

कायद्याचं विचाराल तर त्याची कथा ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पाणथळ जागांबाबतचा जागतिक करार इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला झाला, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. त्या करारात नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही पाणथळ जागा येतात. आपल्या देशाचे पाणथळ जागांचे नियम २०१७ चे. त्यांनी व्याख्येतून काय काय वगळलं? नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी बांधलेली कामं. म्हणजे सारस जिथं घरटं करतो ती बांधी बाहेर, आणि सिंचनाचा म्हणून मामा तलावही सहज बाहेर ढकलता येतो. आणि महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ कोणतं? नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं. ते आहे काय, तर गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी घातलेला बंधारा! मागे गाळ साचत गेला, उथळ बेटं तयार झाली, वनस्पती आल्या, पक्षी आले. अभियंत्याच्या दृष्टीनं गाळानं भरलेलं ते एक निकामी होत चाललेलं धरण. रामसरच्या दृष्टीनं आंतरराष्ट्रीय महत्त्वाची जागा.

हे समजलं की हिंगोली जिल्ह्याकडे बघायची तऱ्हाच बदलते. आपल्याकडे नैसर्गिक सरोवर म्हणावं असं काही नाही. बेसॉल्टचा काळा खडक, त्यावरची काळी माती, पूर्णा आणि कयाधू या नद्या. कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी जयाजी पाईकराव यांच्या ‘उगम’ संस्थेनं गावोगाव काम उभं केलं, ते नदीपुरतं. पाणथळ म्हणाल तर आहे ती १९६० च्या दशकात पूर्णेवर उभ्या राहिलेल्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांची देणगी, शिवाय उत्तरेला पैनगंगेवरचं इसापूर. पाणी ओसरू लागलं की धरणाच्या फुगवट्यातली जमीन मोकळी होते आणि लोक त्यावर गाळपेर करतात. हरभरा, ज्वारी, टरबूज, जे साधेल ते. नियमाच्या भाषेत ती बुडीत जमीन, शेतकऱ्याच्या भाषेत बिनखताचं पीक. आणि हाच तो उतार, काठाचा उथळ, चढत जाणारा पट्टा, ज्याच्यावर गोंदियात एवढं सगळं अवलंबून आहे. फक्त इथं त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी संघटित नाही.

नाही म्हणायला पाहुणे नजर ठेवून असतात. हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर पट्टकादंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, राखी अंग. उन्हाळा तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर काढून, हिमालय ओलांडून ते येतात. उपग्रह यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा काही हंस सात हजार मीटरहून उंच उडालेले आढळले. त्या उंचीवर माणूस चार पावलं टाकून बसतो. या हंसांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं घडलेलं आहे, की विरळ हवेतूनही ते प्राणवायू घट्ट पकडतं. एवढा प्रवास करून ते इथं खातात काय, तर काठचं कोवळं गवत आणि जवळच्या रानातला हरभरा. शेतकरी हाकलतो, आणि हाकलणारच. त्याला त्यातून काही मिळालेलं नाही. गोंदियात ज्या प्रश्नावर तोडगा सापडला तो इथं अजून मांडलाही गेलेला नाही, की या पाण्यावर, या मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर जगणारे भोई, गाळपेर करणारे आणि ही पाखरं यांचा एकत्र हिशेब कुणी बसवायचा?

सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर विदर्भातल्या मंडळींच्या पद्धतीत आहे: आधी ओळख. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागलं की जवळच्या कुठल्याही तळ्याच्या, धरणाच्या काठाला जावं आणि गुडघाभर पाण्यात हात घालावा. फितीसारखी सपाट पानं हाताला लागली तर व्हॅलिस्नेरिया असण्याचा संभव. देठाभोवती चार-पाच बारीक पानांचे फेरे एकावर एक आणि पान बोटांत ओढल्यावर कडा खरखरीत, तर हायड्रिला. पानं दोनात फुटलेली, झाड हाताला चरचरीत आणि मुळंच नाहीत, नुसतं तरंगतंय, तर सेराटोफायलम. काहीच लागलं नाही, नुसता गार गुळगुळीत चिखल, तर तेही लिहून ठेवावं: कोणता काठ, कोणता महिना, पाणी कुठवर. मग गावातल्या जुन्या भोयाला विचारावं, इथं पूर्वी काय उगवत होतं आणि कोणता मासा मिळायचा. तो सांगेल तेव्हा वही जवळ असू द्यावी, कारण नावं भराभर येतील.